जिंगल घराघरात, गायिका कुठे?

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या नोव्हेंबर १९६७मध्ये, आणि पहिल्या केंद्रांत मुंबई-पुण्याबरोबर नागपूरही होतं. त्यामुळे जाहिरातीतलं गाणं वर्धा-हिंगणघाटच्या रेडिओवर फार उशिरा पोचलं, असं काही झालं नाही. दूरदर्शनने १ जानेवारी १९७६पासून जाहिराती घेतल्या आणि गाण्याला चित्र मिळालं. साबण, धुण्याची पावडर, खाद्यतेल, दंतमंजन अशा किराणा यादीतल्या कितीतरी वस्तू लोकांनी बाईच्या आवाजात ऐकल्या. त्या चाली पन्नाशीतल्या माणसाला आजही तोंडपाठ असतात. गायिकेचं नाव विचारलं, की मात्र मंडळी एकमेकांकडे बघू लागतात.

लिरिल साबणाचंच घ्या. १९७५ साल, अ‍ॅलेक पदमसींची लिंटास ही जाहिरातसंस्था, कोडाईकॅनॉलकडचा धबधबा, हिरव्या बिकिनीतली कॅरन लुनेल आणि वनराज भाटियांची चाल. शब्द जवळजवळ नाहीतच. नुसत्या आकारा-लकारांवर प्रीती सागर यांनी ती जाहिरात तोलली. शब्द नसताना गारवा ऐकू यावा, हे काम आवाजाच्या पोताचं. लंडन-पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकून आलेल्या आणि हजारो जिंगल्स केलेल्या भाटियांना ते नेमकं ठाऊक होतं. मॉडेलचं नाव मात्र अजून घेतलं जातं, गायिकेचं जाणकारांतच.

याच भाटिया आणि प्रीती सागर यांनी पुढच्या वर्षी उलटा प्रवास घडवला. श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला. पटकथा विजय तेंडुलकरांची, मुख्य स्त्री भूमिका स्मिता पाटील यांची. त्यातलं ‘मेरो गाम काथा पारे’ हे गाणं प्रीतीच्या बहिणीने, नीती सागर यांनी लिहिलं. प्रीती यांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. पुढे अमूलने हेच गाणं दूरचित्रवाणीच्या जाहिरातीत घेतलं आणि ते ‘मंथन’पेक्षा कितीतरी जास्त घरांत गेलं. सिनेमा न पाहिलेली एक अख्खी पिढी ते ‘अमूलचं गाणं’ म्हणूनच ओळखते.

हा तोटा म्हणायचा की फायदा? गाणं जगलं, हे खरं. पण सिनेमात ते गावात येणाऱ्या परक्या माणसाच्या आणि गावकऱ्यांच्या अवघडलेल्या नात्यावरून वाहतं; जात, मालकी, संशय सगळं त्याच्या मागे उभं आहे. जाहिरातीत उरली ती गोड, समाधानी खेडवळ लकेर. वर्धा जिल्ह्याला हा फरक समजावून सांगायची गरज पडू नये. गवळाऊ गाईचा हा मुलूख. जमनालाल बजाजांनी अखेरचे दिवस गोसेवेला दिले ते इथेच.

त्याच बजाज घराण्याच्या स्कूटरची ‘हमारा बजाज’ ही १९८९ची जाहिरात पुन्हा पदमसींचीच, संगीत लुई बँक्स यांचं. वर्ध्याच्या पेढीतून वाढलेला उद्योग देशाच्या अभिमानाशी जोडायचा, तर चाल समूहगानाची हवी, असा तो हिशेब. कामाची वाटणी कानांनाही कळते: वाहन आणि राष्ट्र आलं की कोरस, फेस आणि फोडणी आली की एकटी बाई. अपवाद आहेत, पण ते अपवादच.

जपानमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे जाहिरात आणि नवं गाणं जोडीनेच बाजारात आणतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात गाण्याचं व गायिकेचं नाव बारीक अक्षरांत येतं. गायिका सेइको मात्सुदा १९८०मध्ये आली ती शिसेइदोच्या फेसवॉशच्या जाहिरातीतल्या गाण्यासह. १९८३मध्ये सनटोरी बिअरच्या पेंग्विनवाल्या कार्टून-जाहिरातीत तिचं ‘स्वीट मेमरीज’ आधी नावाशिवाय वाजलं. ही कोण गाते, अशी विचारणा सुरू झाली, मग नाव झळकलं आणि रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं ते गाणं पुढे आलं. १९९३मध्ये ‘झार्ड’ या बँडच्या गायिकेचं, इझुमी साकाईचं गाणं पोकारी स्वेट या पेयाच्या जाहिरातीतून घराघरात पोचलं. ही व्यवस्थाही धंद्याचीच. रेकॉर्ड कंपनीला फुकटची प्रसिद्धी हवी असते आणि गाण्याचा मुखडा जाहिरातीच्या सेकंदांत बसेल असाच बेतला जातो, हा तिचा खोटेपणा. तरी गायिका त्यात दिसते.

आपल्याकडे जिंगल म्हणजे पार्श्वगायनाच्या दाराबाहेरचा बाक. कविता कृष्णमूर्ती यांना मन्ना डे यांनी आधी जिंगल्सना बोलावलं. सिनेमातलं नाव नंतर झालं. त्या बाकावर कस लागतो, कारण वीस-तीस सेकंदांत सूर, उच्चार आणि भाव एकदम उमटावे लागतात. पण तिथून उठून सिनेमात गेलेल्या गायिकाच लक्षात राहतात. आयुष्यभर तिथेच उत्तम गाणाऱ्यांची समीक्षा कुणी लिहीत नाही.

मराठीची स्थिती याहून केविलवाणी. ‘झंडू बाम’ आणि ‘धारा’च्या चाली देणारा अशोक पत्कींसारखा संगीतकार या भाषेने जाहिरातीला दिला; पण मराठी वाहिन्यांवर ऐकू येतं ते बहुधा हिंदी जिंगलचं भाषांतर. चाल तीच, मात्रा तेवढ्याच, त्यात मराठी क्रियापद कोंबायचं. ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, जोडाक्षर फुटतं आणि चांगली गायिकाही घाईत वाचल्यासारखी गाते. दोष तिचा नाही. मूळ चालच मराठीतून सुचलेली नसेल, तर गळा काय करणार? वऱ्हाडी ठेका किंवा झाडीपट्टीचा सूर तर या बाजारात क्वचितच शिरतो. ग्रामीण म्हणून जे वाजतं ते बहुतेक पश्चिम महाराष्ट्राची ढोलकी.

अलीकडे कंपन्या नवी चाल बांधण्याऐवजी जुनं गाणं पुन्हा वापरतात. कॅडबरीने २०२१मध्ये १९९४ची क्रिकेटची जाहिरात उलटवून मैदानावर मुलगी आणि प्रेक्षकांत मुलगा बसवला. कल्पना झकास होती. गाणं मात्र शंकर महादेवन यांचं, जुनंच. बाई चित्रात पुढे आली, आवाजात नाही.

२०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गायक-गायिकांना व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला आणि पुढच्याच वर्षी गायकांची हक्क-संघटना स्थापन झाली. जिंगलचा धंदा मात्र प्रामुख्याने एकरकमी पैशावरच चालत आला आहे. सिनेमाच्या गाण्यावर निदान नावाची नोंद असते, त्यामुळे तिथे हिशेब मागता येतो. जाहिरातीत ती नोंद होणं ही पहिली पायरी, आणि ती खर्चाची नाही.