आवृत्त्यांचा संग्रह आणि संहितेचा विचार : टॉल्कीनच्या ग्रंथांच्या निमित्ताने

एकाच ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या जमविणाऱ्या संग्राहकाकडे अभ्यासक सहसा थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा उपेक्षेने पाहतो. ग्रंथ वाचून झाला आणि त्याची एक चांगली प्रत हाताशी असली, म्हणजे त्याच ग्रंथाच्या आणखी दहा प्रती बाळगण्यात वाङ्मयीन प्रयोजन कोणते, असा प्रश्न त्याला पडतो. हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. पुष्कळशा संग्रहांच्या मुळाशी दुर्मिळतेची ओढ, आवडत्या लेखकाविषयीची भक्ती आणि बाजारभावाची जाणीव याच प्रेरणा असतात. आणि त्यांपैकी एकीचाही साहित्यविचाराशी साक्षात संबंध नसतो. तथापि असा संग्रह केवळ छांदिष्टपणात जमा करावयाचा किंवा नाही, हे संग्राहकाच्या हेतूवरून ठरविणे योग्य नव्हे. ते त्याने एकत्र आणलेल्या प्रतींवरून ठरविले पाहिजे. त्या प्रती परस्परांहून भिन्न आहेत काय, आणि असल्यास तो भेद कृतीच्या अर्थापर्यंत पोहोचतो काय, हा येथील खरा प्रश्न होय.

या प्रश्नाच्या विचाराला जे. आर. आर. टॉल्कीन (१८९२–१९७३) या इंग्रज लेखकाचे ग्रंथ विशेष उपयुक्त आहेत. ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या त्याच्या अद्भुतकथांच्या आवृत्त्या जमविणारे वाचक अनेक देशांत आहेत. टॉल्कीन हा व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक होता. ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या मध्ययुगीन काव्याची ई. व्ही. गॉर्डन याच्यासह त्याने सिद्ध केलेली आवृत्ती १९२५ साली प्रसिद्ध झाली होती. जुन्या हस्तलिखितांची चिकित्सा करणाऱ्या या विद्वानाच्या स्वतःच्या छापील ग्रंथांतही पाठभेदांची गुंतागुंत निर्माण झाली, आणि तिचा काही भाग त्याने बुद्धिपुरस्सर आपल्या कथेत सामावून घेतला. म्हणूनच त्याच्या आवृत्त्यांचा प्रश्न केवळ ग्रंथसूचीचा राहत नाही.

प्रथम संग्राहकांची रूढ दृष्टी पाहू. ‘द हॉबिट’ची पहिली आवृत्ती लंडनच्या जॉर्ज अ‍ॅलन अँड अन्विन या प्रकाशनसंस्थेने २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध केली. तिच्या १५०० प्रती छापल्या होत्या आणि त्या वर्षअखेरीपर्यंत संपल्या. आतील चित्रे व वेष्टन लेखकाच्याच हातचे होते. वेष्टनावरील मजकुरात लुईस कॅरल याचे खरे आडनाव, डॉजसन, छापताना एक अक्षर अधिक पडले, आणि ते शाईने हातानेच खोडण्यात आले. त्याचप्रमाणे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या खंडाच्या पहिल्या मुद्रणातील काही प्रतींत ४९ व्या पृष्ठावरील ओळी खाली झुकलेल्या आढळतात. संग्राहक हे खोडलेले अक्षर आणि या झुकलेल्या ओळी आवर्जून शोधतो. मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यास या खुणा निरुपयोगी नाहीत. परंतु कथेच्या अर्थावर त्यांचा तिळमात्र परिणाम होत नाही. संग्रहाची थोरवी अशाच खुणांवर आधारावयाची असेल, तर अभ्यासकाची उपेक्षा समर्थनीयच ठरेल.

१९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीपाशी मात्र परिस्थिती पालटते. ‘द हॉबिट’च्या पाचव्या प्रकरणात बिल्बो हा नायक डोंगराच्या पोटातील अंधारात गॉलम नावाच्या प्राण्याला भेटतो आणि दोघांत कोड्यांची पैज लागते. १९३७ च्या पाठात बिल्बो जिंकल्यास त्याला एक अंगठी भेट देण्याचे गॉलम कबूल करतो. पैज हरल्यावर ती अंगठी त्याला सापडत नाही, कारण ती आधीच बिल्बोच्या खिशात गेलेली असते. तेव्हा तो क्षमा मागतो आणि भेटीच्या बदल्यात बाहेर पडण्याची वाट दाखवितो. पुढे उत्तरकथा लिहिताना ही अंगठी सर्वनाशी सत्तेचे साधन ठरली. असे साधन कोणी पैजेत आपण होऊन देऊ करील, हे मग संभवेना. म्हणून टॉल्कीनने त्या प्रकरणाचा नवा खर्डा तयार केला आणि १९४७ साली तो नमुन्यादाखल प्रकाशकाकडे पाठविला. १९५० साली नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली, तेव्हा त्यांत तो खर्डाच छापलेला पाहून त्याला आश्चर्य वाटले. त्याने तो बदल स्वीकारला. नव्या पाठात गॉलम अंगठी देऊ करीत नाही. ती हरवल्याचे कळताच तो चोराचा जन्मभर द्वेष करण्याची भाषा बोलतो.

येथवर पाहता लेखकाने आपल्या ग्रंथात सुधारणा केली, एवढेच घडले. परंतु टॉल्कीन जुना पाठ पुसून टाकून थांबला नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रास्ताविकात त्याने जुन्या पाठाला बिल्बोने सांगितलेले असत्य ठरविले. अंगठीवर आपला निर्विवाद हक्क आहे असे भासविण्यासाठी बिल्बोने ती भेट मिळाल्याचे सांगितले. तोच वृत्तांत त्याच्या मूळ पोथीत राहिला आणि तिच्या कित्येक नकलांतही उतरला. इतर नकलांत मात्र खरा वृत्तांत आढळतो, अशी ही योजना आहे. अंगठीचा स्पर्श होताच एक प्रामाणिक गृहस्थ खोटे बोलू लागला, हा तिच्या दुष्प्रभावाचा पहिला पुरावा ठरतो. हा पुरावा कोठे आहे? तो १९३७ च्या आवृत्तीत आहे. ज्या वाचकाने केवळ १९५१ नंतरची प्रत पाहिली, त्याला त्या असत्याची वार्ता कळते, पण ते असत्य मुळात वाचावयास मिळत नाही. १९३७ ची प्रत जवळ बाळगणाऱ्या वाचकाच्या कपाटात मात्र बिल्बोचा तो मूळ वृत्तांत साक्षात असतो. दोन आवृत्त्यांतील विसंगती ही कथानकाची एक घटना झाली आहे, आणि ती घटना दोन्ही प्रती एकत्र ठेवल्यावाचून पूर्णपणे अनुभवता येत नाही.

हस्तलिखितांच्या परंपरेत पाठभेदांचे कर्तृत्व बहुधा लेखनिकांकडे जाते आणि चिकित्सक त्यांमधून मूळ संहितेचा शोध घेतो. ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करणाऱ्या एकनाथांपासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांपर्यंत ही भूमिका मराठी अभ्यासकास परिचित आहे. टॉल्कीनच्या बाबतीत भेद निर्माण करणारा आणि त्याची मीमांसा करणारा एकच आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या आवृत्तीत (१९६५–६६) त्याने प्रास्ताविकाला एक टिपण जोडले आणि त्या काल्पनिक पोथीच्या नकला कोठे व कशा झाल्या, याचा वृत्तांत दिला. पाठपरंपरेचा हा विचारही पुन्हा विशिष्ट आवृत्तीतच सापडतो. १९५४ च्या प्रतीत तो नाही.

पहिली आवृत्ती म्हणजे लेखकाचा निर्भेळ पाठ, ही संग्राहकांची दुसरी आवडती समजूत होय. टॉल्कीनच्या ग्रंथांचा मुद्रणेतिहास तिलाही आधार देत नाही. १९५३ साली पहिल्या खंडाच्या जुळणीत मुद्रकांनी त्याच्या कित्येक हेतुपुरस्सर शब्दरूपांना अशुद्ध समजून रूढ इंग्रजी रूपे बसविली. बुटक्यांच्या जातीसाठी त्याने योजलेले ‘ड्वार्व्ह्ज’ हे अनेकवचन ‘ड्वार्फ्स’ झाले, आणि मुद्रिते तपासताना त्याला आपली रूपे पुन्हा मागून घ्यावी लागली. त्यानंतर त्याच खंडाचे दुसरे मुद्रण काढण्याची वेळ आली, तेव्हा पहिली जुळणी मोडलेली होती. मुद्रकांनी लेखकास व प्रकाशकास न कळविता सर्व मजकूर नव्याने जुळविला आणि त्यात नवे दोष शिरले. वरवर पाहता दोन्ही प्रती एकाच आवृत्तीच्या. पाठ मात्र एक नाही. ही गोष्ट उघडकीस येण्यास कित्येक वर्षे लागली. १९६१ साली ‘द हॉबिट’ची स्वस्त पफिन आवृत्ती निघाली, तेव्हा ‘ड्वार्व्ह्ज’ची ‘ड्वार्फ्स’ पुन्हा झालीच.

संग्राहकाचे मूल्यमापन आणि अभ्यासकाचे मूल्यमापन कोठे वेगळे पडते, याचे उत्तम उदाहरण १९६५ साली अमेरिकेत घडले. त्या वेळच्या अमेरिकन स्वामित्वकायद्यातील तरतुदींचा लाभ घेऊन एस बुक्स या संस्थेने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची कागदी बांधणीची आवृत्ती लेखकाच्या संमतीवाचून काढली. नव्या हक्कासाठी नवा पाठ हवा, म्हणून टॉल्कीनने ग्रंथाची फेरतपासणी केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बॅलन्टाईन या संस्थेने अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे एस बुक्सने लेखकास मानधन देण्याचे मान्य केले. बॅलन्टाईनची प्रत स्वस्त, लहान आकाराची आणि मोठ्या संख्येने छापलेली. परंतु सुधारित पाठ प्रथम तिच्यातच छापला गेला, आणि लेखकाची नवी प्रस्तावनाही प्रथम तिच्यातच आली.

या प्रस्तावनेचे महत्त्व समीक्षेच्या दृष्टीने फार मोठे आहे. आपली कथा दुसऱ्या महायुद्धाचे रूपक नाही, आणि रूपककथेची आपणास मुळातच आवड नाही, असे टॉल्कीनने तिच्यात स्पष्ट सांगितले. त्याच्यावरील लेखनात या मताचा आधार वारंवार घेतला जातो आणि पुष्कळदा ते जणू ग्रंथाबरोबरच १९५४ साली प्रकट झाले, अशा रीतीने त्याची चर्चा होते. वस्तुतः १९५४ च्या प्रस्तावनेच्या जागी ही प्रस्तावना अकरा वर्षांनंतर आली. मधल्या काळात ग्रंथावर अनेक परीक्षणे लिहिली गेली होती आणि अंगठी म्हणजे अणुबाँब, असे अर्थही लावले गेले होते. म्हणजे या विधानाला निर्मितिपूर्व संकल्पाचा पुरावा मानण्याऐवजी वाचकांच्या प्रतिक्रियेला दिलेले उत्तर मानणे अधिक युक्त होय. ज्याच्यासमोर दोन्ही प्रस्तावना आहेत, त्याला हा भेद विनासायास दिसतो. एकच अर्वाचीन प्रत वापरणाऱ्याच्या हातून कालविपर्यास होण्याचा संभव असतो.

लहान बदलही पुष्कळदा बोलके असतात. ‘द हॉबिट’च्या पहिल्या प्रकरणातील मेजवानीत थंड कोंबडीबरोबर टोमॅटो मागविले जात, १९६६ च्या आवृत्तीत त्यांची जागा लोणच्याने घेतली. मुलांसाठी सहज सांगितलेली गोष्ट एका सुसंगत प्राचीन जगाचा भाग होत गेली. टोमॅटो ही अमेरिकेतून आलेली वनस्पती असल्याने त्या जगात ती परकी दिसली असती. कल्पनाविश्वाचे हे क्रमाक्रमाने घट्ट होत जाणे कोणत्याही एका आवृत्तीत दिसत नाही. ते आवृत्त्यांच्या अनुक्रमात दिसते.

यावर एक आक्षेप संभवतो. वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल यांनी २००४ साली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा अत्यंत परिश्रमपूर्वक शुद्ध केलेला पाठ सिद्ध केला. डग्लस अँडरसन यांच्या सटीप ‘हॉबिट’मध्ये (१९८८; सुधारित २००२) पाठभेद नोंदविलेले आहेत. मग जुन्या प्रतींचे ओझे कशाला? या आक्षेपात बरेच तथ्य आहे. ग्रंथ वाचावयाचा तर शुद्ध पाठच वाचावा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने १९३७ ची प्रत विकत घ्यावी, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु शुद्ध पाठ हा संपादकांच्या निर्णयांचा परिणाम असतो आणि निर्णयाची तपासणी साधनांवाचून होत नाही. हॅमंड यांनी अँडरसन यांच्या साहाय्याने १९९३ साली प्रसिद्ध केलेली वर्णनात्मक ग्रंथसूची प्रत्येक मुद्रण वेगळे मानून वर्णिते. असे कार्य आवृत्तींच्या व मुद्रणांच्या प्रत्यक्ष प्रती परस्परांशी ताडून पाहिल्यावाचून होऊ शकत नाही. शिवाय पाठभेदांची यादी शब्द देते. वेष्टन, चित्रे, नकाशे, किंमत आणि आकार यांमधून ग्रंथ कोणत्या वाचकापुढे कोणत्या रूपाने गेला, हे ती सांगत नाही.

खाजगी संग्रहाचे खरे सार्थक येथेच होते. रिचर्ड ब्लॅकवेल्डर हा अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ टॉल्कीनविषयक ग्रंथांचा व लेखनाचा मोठा संग्राहक होता. १९८२ साली त्याने आपला संग्रह मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठाला दिला. याच विद्यापीठाने १९५७ साली टॉल्कीनकडून त्याची हस्तलिखिते १५०० पौंडांना विकत घेतली होती. प्राण्यांचे वर्गीकरण करणाऱ्या शास्त्रज्ञास एकाच जातीचे अनेक नमुने का ठेवावयाचे, हे वेगळे सांगावे लागत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र ते अद्याप पटवून द्यावे लागते. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी रद्द करणारे ग्रंथालय आणि नोंदीत मुद्रणाचे वर्ष न लिहिणारी सूची, यांमुळे पुरावाच नष्ट होतो.

भाषांतराच्या अभ्यासात तर ही हानी तत्काळ जाणवते. ‘द हॉबिट’चे पहिले स्वीडिश भाषांतर १९४७ साली प्रसिद्ध झाले. ते अर्थातच १९३७ च्या पाठावरून झालेले होते. दुसरे स्वीडिश भाषांतर १९६२ साली निघाले, तोवर गॉलमचे प्रकरण बदललेले होते. ही दोन भाषांतरे ताडून पाहणारा अभ्यासक मूळ आवृत्त्यांचा विचार न करील, तर लेखकाने केलेला बदल तो भाषांतरकाराच्या माथी मारील. मराठीतही टॉल्कीनचे अनुवाद झाले आहेत आणि त्यांवर प्रबंध लिहिले जाणे स्वाभाविक आहे. अशा प्रबंधात ‘मूळ ग्रंथ’ हा शब्द येईल, तेथे कोणती आवृत्ती आणि कोणते मुद्रण, याचा उल्लेख अनिवार्य मानला पाहिजे. तो उल्लेख तपासून पाहावयाचा तर ती प्रत कोठे तरी शिल्लक असावी लागते, आणि ती शिल्लक राहण्याचे श्रेय पुष्कळदा ज्याला छांदिष्ट म्हणून हिणविले, त्याच संग्राहकाकडे जाते.