सोवळे यंत्र आणि मराठी कथा : प्रौढ आशयाच्या लेखनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर

साहित्यातील श्लील-अश्लीलतेचा वाद मराठीला नवा नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर खटले झाले आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांची बाजू न्यायालयात मांडली. मर्ढेकरांच्या कवितेवर खटला झाला, 'सखाराम बाइंडर'वर बंदी आली. या सर्व प्रसंगी कृती आधी लोकांसमोर आली होती, किंवा निदान लिहून पूर्ण झाली होती. आक्षेप त्यानंतर आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्या पाठोपाठ तशीच अनेक लेखनसाधने उपलब्ध झाली, तेव्हापासून हा क्रम बदलला आहे. लेखक प्रसंग रचीत असतानाच, वाक्य पुरते होण्यापूर्वी, हे लिहिता येणार नाही असे उत्तर पडद्यावर उमटू शकते. लैंगिक संबंध, बलात्कार, जातीय हिंसा, आत्महत्या, शिवीगाळ हे विषय ज्या कथेच्या गाभ्याशी आहेत, त्या कथेच्या बाबतीत या बदलाचा अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विचारासाठी सर्वांत उपयुक्त दाखला चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेचा आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती प्रसिद्ध झाली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया असे तिचे कथानक. भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली फिर्याद झाली. दंडाधिकाऱ्यांनी लेखकाला निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून पंचवीस रुपये दंड केला. आणि ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाची मुक्तता केली. दंडाची रक्कम आज क्षुल्लक वाटेल, पण त्या पंचवीस रुपयांसाठी लेखक दिल्लीपर्यंत गेला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'श्यामा' ही श्रेष्ठ कथा होती असे कोणी म्हणणार नाही. न्यायालयाने मात्र ती पूर्ण वाचली, शृंगारिक वर्णने संपूर्ण कथेच्या ओघात कोठे बसतात ते पाहिले, आणि एक फार मोलाचे निरीक्षण नोंदविले. लैंगिकतेचा नुसता उल्लेखही अश्लील ठरवून तो किशोरवयीनांच्या हाती पडू नये असे मानले, तर त्यांना एकही कादंबरी वाचता येणार नाही आणि निव्वळ धार्मिक ग्रंथांवरच समाधान मानावे लागेल, असा त्याचा आशय होता.

पाचच वर्षे आधी याच न्यायालयाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकणाऱ्या पुस्तकविक्रेत्याची, रणजित उदेशी यांची, शिक्षा कायम केली होती. म्हणजे न्यायालयाचा विचार एका दिशेने सरळ गेला नाही. पुढे १९६९ च्याच दुरुस्तीने कलम २९२ मध्ये साहित्य, कला व विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनास अपवादाची जागा मिळाली, आणि २०१४ च्या अवीक सरकार प्रकरणात १८६८ पासून चालत आलेली हिकलिन कसोटी बाजूला ठेवली गेली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येही तो अपवाद कायम आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेसंबंधीचा २०१५ चा निर्णय लेखकांना निराश करणारा होता. तरी तो कारणांसह लिहिलेला निर्णय आहे. त्याच्याशी वाद घालता येतो, आणि मराठीत तो घातला गेला आहे.

लेखनसाधनाच्या नकाराशी वाद घालता येत नाही. वापरकर्ता विनंती बदलून पुन्हा विचारतो, आणि कधी तेच काम दुसऱ्या खेपेस बिनबोभाट होऊन जाते. हा नकार कसा तयार होतो हे समजून घेतले पाहिजे. भाषेचे हे प्रतिमान प्रथम अफाट मजकुरावर घडविले जाते. नंतर माणसांनी कोणते उत्तर चांगले व कोणते अनुचित हे सांगून त्याला वळण लावले जाते. त्यावर शब्द व आशय टिपणारी गाळणी बसविली जाते. अनुचित मजकुराला खुणा करण्याचे हे काम केनियातील कामगारांकडून ताशी दोन डॉलरहून कमी मोबदल्यात करून घेतले गेल्याचे वृत्त 'टाइम' साप्ताहिकाने जानेवारी २०२३ मध्ये दिले होते. कर्त्यांचा हेतू वाईट असतो असे नाही. बालकांचे लैंगिक चित्रण कोणत्याही साधनाने नाकारलेच पाहिजे, आणि आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब देखील तेच सांगते. अडचण गाळणीच्या वाचनपद्धतीत आहे. 'एआय डन्जन' या कथारचनेच्या खेळात एप्रिल २०२१ मध्ये अशी गाळणी बसविली, तेव्हा आठ वर्षे जुन्या लॅपटॉपचा उल्लेखही तिने संशयास्पद ठरविल्याच्या तक्रारी आल्या. वयाचा आकडा दिसला आणि यंत्र दचकले. शिवाय वापरकर्त्यांच्या खासगी कथा कंपनीची माणसे वाचू शकतात, हेही त्याच वेळी अनेकांच्या ध्यानी आले.

अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अश्लीलत्व हा दोष मानला आणि व्रीडा, जुगुप्सा व अमंगल असे त्याचे तीन प्रकार सांगितले. परंतु बोलणारा कोण, प्रसंग कोणता, हे पाहता औचित्यामुळे दोषही क्वचित गुण ठरतो, असे तोच पुढे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली कथा समग्र वाचली, तिची मुळे आपल्या काव्यशास्त्रात शोधण्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही. पण वक्त्यावाचून शब्दाचा न्याय होत नाही, ही जाण दोन्हीकडे आहे. गाळणीसमोर वक्ता नसतो. खलनायकाच्या तोंडची शिवी आणि लेखकाने दिलेली शिवी तिला बहुधा एकच दिसते.

तथापि नकार हा या साधनांचा सर्वांत मोठा दोष नव्हे. नकार निदान दिसतो. अधिक नुकसान करते ते सौम्यीकरण, कारण ते दिसत नाही. जातीवरून होणाऱ्या अपमानाचा प्रसंग मागावा, तर साधन तो लिहून देते; मात्र त्यात अपमान करणारा पाटील समाजशास्त्राच्या पुस्तकासारखे बोलतो, अपमानित झालेली स्त्री दोन वाक्यांत सावरते आणि शेवटी गावाला उपरती होते. शिवीच्या जागी 'अपशब्द उच्चारले' असे येते. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'ला (१९६५) आचार्य अत्रे यांनी कडाडून विरोध केला होता. (स्वतः अत्र्यांच्या अग्रलेखांची भाषा गाळणीतून सुटली नसती, हा भाग वेगळा.) नाक्यावरच्या पोरांची ती बोली काढून घेतली, तर त्या पुस्तकात उरते काय? नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ची (१९७२) प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना कितीतरी शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले होते. ज्या शब्दांशी तेंडुलकरांसारख्या नाटककाराचा परिचय नव्हता, ते शब्द छापील व संगणकीय मजकुराच्या सरासरीतून शिकलेल्या यंत्राकडे नेमक्या ठिकाणी कोठून येणार?

भडगावसारख्या गिरणाकाठच्या तालुक्यात हा प्रश्न आणखी तीव्र होतो. येथील विद्यार्थ्याची घरची बोली अहिराणी आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या शीर्षाखाली, अहिराणी धरून, १८ लाखांवर लोकांची नोंद आहे. इतक्या लोकांची बोली असूनही संगणकाला उपलब्ध असा तिचा लिखित मजकूर अत्यल्प आहे. 'मना', 'तुना', 'शे' एवढी ओळखीची रूपे यंत्र कदाचित जुळवील, पण भांडणातली, माजघरातली, शेताच्या बांधावरची अहिराणी त्याला येत नाही; मग ते प्रमाण मराठीत शिरते. लैंगिक व हिंसक अनुभवांची भाषा तर बोलीतही उघड्यावर बोलली जात नाही. बायका आपसात वापरतात ते आडपडद्याचे शब्द कोणत्याही कोशात पुरते आलेले नाहीत. भडगावची एखादी विद्यार्थिनी बाळंतपणाची किंवा नवऱ्याच्या मारहाणीची कथा यंत्राकडून लिहून घेऊ लागली, तर तिचे आक्षेपार्ह शब्द गाळले जाण्याआधीच तिचे सर्वच शब्द गेलेले असतात.

यावर काहींचा उपाय असा की गाळणीच काढून टाकावी. तशी मोकळी प्रतिमाने आज मिळतात. आणि प्रौढ असल्याची खात्री पटलेल्या वापरकर्त्यांना शृंगारिक मजकूर खुला करण्याचा मनोदय ओपनएआयच्या प्रमुखांनीही ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला होता. प्रौढांना प्रौढ म्हणून वागवावे, हे तत्त्व योग्यच आहे. पण बंधन गेले म्हणजे साहित्य आले, हा समज भाबडा आहे. मोकळ्या यंत्राचा शृंगार हा सर्वांच्या शृंगाराची गोळाबेरीज असतो. रेल्वे स्थानकावर मिळणाऱ्या पिवळ्या पुस्तकांशी त्याचे नाते 'श्यामा'पेक्षाही जवळचे. राजन गवस यांच्या 'चौंडकं'मध्ये (१९८५) जोगतिणीच्या देहाची विटंबना वाचकाला जाळते, ती वर्णनाच्या उघडेपणामुळे नव्हे. देवीच्या नावाने सोडलेल्या मुलीच्या अवतीभवतीचे गाव, घर, रूढी लेखकाला तपशिलाने माहीत आहेत. कविता महाजन यांनी 'भिन्न'मध्ये (२००७) एचआयव्हीबाधितांचे जग मांडले, त्यामागेही असेच पाहणे-ऐकणे आहे. हे कष्ट टाळण्यासाठी जो यंत्राकडे जाईल, त्याला गाळणी असली काय आणि नसली काय.

खानदेशच्या लेखकासमोर याहून अवघड जागा आहे. १९९४ साली जळगावात मुली व स्त्रियांच्या लैंगिक शोषणाचे आणि धाकदपटशाचे प्रकरण उघडकीस आले. साक्ष देण्यास फार थोड्या पीडिता पुढे आल्या. त्या मौनाची कादंबरी कोणी लिहू पाहील, तर त्याच्याकडे ऐकीव, खासगी, विश्वासाने सांगितलेला तपशील असणार. पीडितेची ओळख उघड होईल असे काही छापण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे. साधनात टंकलेला मजकूर म्हणजे प्रकाशन नव्हे. परंतु तो लेखकाच्या वहीत राहत नाही, दूरच्या संगणकावर जातो, आणि अनेक सेवांमध्ये वापरकर्त्याने मनाई केली नाही तर पुढील प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. प्रौढ आशयाविषयीच्या चर्चेत यंत्र काय लिहू देते एवढेच विचारले जाते. त्याला काय सांगून बसलो, हे क्वचितच.

मग अशा लेखनात या साधनाला जागाच नाही काय? जपानी लेखिका रिए कुदान यांच्या कादंबरीला जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा पारितोषिक मिळाले आणि तिच्यात सुमारे पाच टक्के मजकूर चॅटजीपीटीचा असल्याचे त्यांनी सांगितले, तेव्हा मोठी खळबळ झाली. कादंबरी गुन्हेगारांना सहानुभूतीने ठेवण्यासाठी टोकियोत बांधल्या जाणाऱ्या मनोऱ्याची आहे, आणि कोणालाही न दुखावणाऱ्या गुळगुळीत भाषेने माणसे एकमेकांपासून कशी तुटतात, हे तिचे एक सूत्र आहे. कादंबरीतील पात्र यंत्राला प्रश्न विचारते; यंत्राचा मजकूर येतो तो त्या यंत्राची उत्तरे म्हणून. त्या सोवळ्या भाषेला कुदान यांनी पात्राची जागा दिली, निवेदकाची दिली नाही. मराठीतही असा प्रयोग अशक्य नाही : तालुक्याच्या ठाण्यात तक्रार घेऊन आलेली बाई अहिराणीत बोलते आहे, आणि तिचे म्हणणे नोंदविणारे यंत्र ते प्रमाण, सभ्य, निर्दोष मराठीत उतरवीत चालले आहे.