‘७४१’ची कीर्ती आणि तिची किंमत

हौशी इलेक्ट्रॉनिकीत ‘७४१’ या ऑपरेशनल प्रवर्धकाला जे मानाचे स्थान मिळते, ते त्याच्या कर्तबगारीपेक्षा त्याच्या सोशिकपणाला मिळालेले आहे, असेच म्हणणे भाग आहे. फेअरचाइल्ड कंपनीत बॉब विडलर यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलेला ‘७०९’ गुणी, परंतु तापट होता. योग्य रोध व कपॅसिटर बाहेरून न जोडल्यास तो आंदोलू लागे; त्याच्या निर्गमास शॉर्टपासून संरक्षणही नव्हते. विडलर यांनीच पुढे नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये १९६७ मध्ये ‘एलएम १०१’ घडविला. त्यास ३० पिकोफॅराडचा एकच बाह्य कपॅसिटर पुरत असे. १९६८ मध्ये फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलागर यांनी ‘७४१’मध्ये तो कपॅसिटर सिलिकॉनच्या चकतीतच बसविला, आणि नवशिक्याची एक मोठी धास्ती नाहीशी झाली.

परंतु मर्यादाही तेथेच उद्भवते. आतील कपॅसिटरचे मूल्य एकपट वर्धनाचा, म्हणजे स्थैर्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण, प्रसंग धरून ठरविलेले आहे. दसपट वर्धनास एवढा लगाम नको असतो. तरीही निर्गमाची चाल मायक्रोसेकंदास अर्ध्या व्होल्टच्या आसपासच राहते. १० व्होल्ट शिखराचा साइन-तरंग सुमारे ८ किलोहर्ट्झच्या पुढे त्रिकोणी होऊ लागतो तो यामुळे. ‘१०१’चाच स्वस्त भाऊबंद असलेल्या ‘३०१ए’स दसपट वर्धनात ३ पिकोफॅराडचा कपॅसिटर चालतो व ही चाल सुमारे दहापट होते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या हाती प्रथम ‘७४१’ देण्याची रूढी म्हणूनच तपासून पाहिली पाहिजे. स्थैर्य आणि वेग यांचा व्यवहार ‘३०१ए’ डोळ्यांसमोर मांडतो. ‘७४१’ तो झाकून ठेवतो.

नंतरच्या ‘टीएल ०७१’चा १३ व्होल्टचा वेग पाहून जुन्या मंडलांत तो सरसकट बसविणारेही पुष्कळ आहेत. मात्र त्याच्या जुन्या आवृत्तीत आगम ऋण पुरवठ्याच्या फार जवळ गेल्यास निर्गमाची कला एकाएकी उलटते, आणि ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर हा प्रसंग दुर्मिळ नाही. शिवाय वेग हा नेहमीच गुण असतो असेही नाही. ‘रॅट’ या गिटारच्या विकृतियंत्रात मुळात ‘एलएम ३०८’ हा ‘७४१’हूनही मंद प्रवर्धक होता. त्याच्या खरखरीत नादात या मंदपणाचाही वाटा असल्याचे वादक मानतात, आणि तो चढ्या किमतीस शोधून घेतात.