निमंत्रणपत्रिकेतील तिरके अक्षर

सटाण्यात लग्नसराईच्या दिवसांत हाती येणाऱ्या पत्रिका चाळल्या, म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हा मजकूर सरळ अक्षरात असतो. वधूवरांची नावे मात्र उजवीकडे कललेल्या अक्षरात. अक्षर कलले की ते समारंभाचे झाले, हा समज आला कोठून?

तो रोमन लिपीतून आला. आल्डस मॅन्युशियसने १५०१ साली व्हेनिस येथे व्हर्जिलची आटोपशीर आवृत्ती काढली, तिच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने इटॅलिक टाइप कोरला. त्यामागे सोहळा नव्हता, विद्वानांचे व लेखनिकांचे धावते हस्ताक्षर होते. १५२२ हे साल मिरविणाऱ्या पुस्तिकेत आरिघीने पोपच्या कचेरीतील वळण शिकविले. त्याच परंपरेतून १९९१ साली पॅट्रिशिया साँडर्स यांनी ‘मोनोटाइप कोर्सिवा’ हा टाइप रचला. संगणकाबरोबर तो सर्वत्र गेला आणि प्रमाणपत्रांचे, निमंत्रणांचे अक्षर होऊन बसला. कचेरीतील लगबगच कालांतराने डौल ठरली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु कोर्सिवाचा डौल केवळ कलण्यात नाही. तेथे अक्षरे अरुंद होतात, छोट्या ‘ए’चे दुमजली रूप एकमजली होते, सारांश, आकारच पालटतो. आपल्या पत्रिकांत आकार तोच ठेवून यंत्राने त्यास नुसते ढकललेले असते. शिरोरेषा आडवीच राहते, काना झुकतो, ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार पुढे ढळल्यासारखा दिसतो. याहून गंभीर दोष जाडीचा आहे. देवनागरीच्या बोरूची तासणी रोमन टाकाच्या उलट; त्यामुळे आपली जाड रेघ वर उजवीकडे चढणाऱ्या तिरक्या दिशेत पडते. अक्षर उजवीकडे कलविले की नेमकी तीच रेघ बारीक होते आणि बारीक असलेली फुगते. जाडबारीकपणाचा तोल, जो या अक्षराचा प्राण, तोच जातो. रोमन अक्षरास हा धोका नाही.

आणि मराठीस धावते वळण नव्हते असेही नाही. आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग हात शक्यतो न उचलता लिहिलेल्या मोडीत अक्षराचे रूपच बदलते. इटॅलिकमध्ये घडले तेच. ज्या सटाण्यात यशवंतराव महाराज एकोणिसाव्या शतकात मामलेदार होते आणि आज देवमामलेदार म्हणून पूजिले जातात, तेथील त्या काळचा महसुली व्यवहार मोडी वळणाचाच. केरीच्या १८१० मधील मराठी कोशात मोडीचा टाइप आहे. २०१४ पासून तिला युनिकोडमध्येही स्थान आहे.

पत्रिका मोडीत छापाव्या, असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही. मुहूर्त वाचता आला पाहिजे! पण मोडीची गोलाई देवनागरीत आणता येते, हे अच्युत पालव यांच्या ‘मुक्तलिपी’ने दाखविले आहे. तिचा जोम भिंतीवर शोभतो. हातातल्या पत्रिकेवरील दोन नावांना लागणारे आर्जव मात्र तीत कमी पडते, असे आम्हांस वाटते. ते काम अद्याप कोणी अंगावर घेतलेले नाही असे नव्हे. पण जे झाले आहे ते तालुक्याच्या छापखान्यापर्यंत पोहोचलेले दिसत नाही. तेथील एका गृहस्थांस आम्ही सरळ नावांची पत्रिका सुचविली, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, तशी पत्रिका मुलीचे वडील परत करतात, ती तेराव्याची वाटते म्हणतात.”