खेळांतून निघालेली कादंबरी

संगणकावरील खेळांवरून कादंबऱ्या लिहिल्या जातात, ही वार्ता आमच्यासारख्या इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकास प्रथम थट्टेचीच वाटली. खामगांवच्या एका विद्यार्थ्यानें 'हेलो' या खेळाच्या विश्वांतील एरिक नायलंड यांची 'द फॉल ऑफ रीच' ही कादंबरी आमच्या हातीं ठेवली, तेव्हां ती आम्हीं केवळ भिडेखातर स्वीकारली. "सर, पहिलीं पन्नास पानें तरी वाचा," एवढीच त्याची विनंति होती. तीं पानें संपलीं तेव्हां मध्यरात्र उलटून गेली होती, आणि पुस्तक मिटावेंसें वाटेना.

ही कादंबरी २००१ सालच्या ऑक्टोबरांत निघाली. मूळ खेळ त्यानंतर नोव्हेंबरांत आला. खेळाची कथा जेथें सुरू होते, त्याच्या आधींचा वृत्तांत ग्रंथकर्त्यानें घेतला आहे, आणि येथेंच त्याची चतुराई दिसते. खेळांतील नायकाचा चेहरा शिरस्त्राणाआड दडलेला असतो. तो बोलतोहि थोडें, कारण त्याच्या ठायीं चैतन्य ओतावयाचें तें खेळणारानें. कादंबरीच्या वाचकाच्या हातीं कसलीच कळ नसते. तेव्हां त्या शिरस्त्राणाआड कोण आहे, हें सांगण्याचें ओझें लेखकावर येतें.

नायलंड तें ओझें धैर्यानें उचलतात. २५१७ सालीं डॉ. हॅल्सी ही विदुषी सहा वर्षांच्या जॉनची एका नाण्याच्या खेळानें परीक्षा घेते, आणि पुढें त्याच्यासह ७५ मुलें गुपचूप पळविलीं जातात. त्यांच्या जागीं हुबेहूब प्रतिकृति ठेवल्या जातात. त्या लवकरच आजारी पडून मरतात, आणि आईबाप परक्याच देहासाठीं शोक करितात. चौदाव्या वर्षीं त्या मुलांच्या शरीरांवर भयंकर शस्त्रक्रिया होतात. ३० दगावतात, १२ पंगू होतात. हा सारा खटाटोप परग्रहावरील शत्रूसाठीं नव्हे, तर मानवांच्याच वसाहतींतील बंडें मोडण्यासाठीं होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अंगावर कांटा येतो.

परंतु येथेंच ग्रंथाचा मोठा दोषहि आहे. २५२५ सालीं परग्रहवासीयांचें आक्रमण होतें, आणि मानवजात वांचवावयास हेच वीर लागतात. म्हणजे अन्यायाचें समर्थन करणारा शत्रू अगदीं वेळेवर हजर! डॉ. हॅल्सीला मनाची टोंचणी लागते खरी, पण तिला जाब विचारणारें कोणी पुढें येत नाहीं. प्रश्न उभा करून तो तोफांच्या गडगडाटांत बुडवावा, ही खेळाची सोय आहे, कलेची नव्हे.

विल्यम डीट्झ यांची २००३ सालची 'द फ्लड' तर मूळ खेळाचाच माग काढीत जाते, आणि म्हणूनच थकविते. दालनामागून दालन, चकमकीमागून चकमक. खेळणाराच्या बोटांस जो आनंद होतो, तो वाचकास उसना मिळत नाहीं. मात्र परोपजीवी प्राण्यानें देह बळकावल्यावरहि मनानें जागा राहिलेला जेन्किन्स हा साधा शिपाई विसरतां येत नाहीं. कारण त्याची असहायता आंतून दाखविणें हें काम कादंबरीचेंच.

आपल्याकडे १९७४ सालीं जयंत नारळीकरांनीं टोपणनांवानें पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेस मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेंत पारितोषिक मिळालें. नारळीकरांच्या कथेंत शास्त्रीय कल्पना हाच कणा असतो. ती काढली तर कथा उरत नाहीं. नायलंड यांच्या पुस्तकांतून विज्ञान काढलें, तरी चोरलेल्या बाळपणाची कथा उरतेच. विज्ञानकथा म्हणून हें उणें, कादंबरी म्हणून हेंच बळ, असें आमचें मत आहे.

पुस्तक परत करितांना आम्हीं त्या विद्यार्थ्यास विचारलें, "यांत तुला काय आवडलें?" लढायांचें वर्णन ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा होती. तो म्हणाला, "सर, त्या मुलांना कोणी विचारलंच नाही." हा मुलगा सोळाव्या वर्षीं प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठीं घरापासून दूर राहून आलेला. आईबापांची माया आणि डॉ. हॅल्सीची निष्ठुरता एकाच मापानें मोजणें अन्यायाचें होईल. पण खेळांतून निघालेल्या पुस्तकानें त्याच्या मनांतील प्रश्नाला शब्द दिले, हें वाङ्मयाचेंच कार्य नव्हे काय? असलें पुस्तक मुलाच्या हातीं दिसल्यास तें हिसकावून घेण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं पहिलीं पन्नास पानें स्वतः वाचावींत.