उत्तरदायित्व कोणाचे? : अमेरिकेतील संघीय शालेय धोरण आणि समान शैक्षणिक संधीचा प्रश्न

प्रस्तावना

'अकाउंटेबिलिटी' या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत 'उत्तरदायित्व' हा शब्द रूढ आहे. मूळ संज्ञेत हिशेबाचा अर्थ प्रधान आहे, तर मराठी शब्दात उत्तराचा. उत्तर म्हटले की प्रश्न आला आणि प्रश्न कोणी कोणास विचारावयाचा हा मुद्दाही ओघाने आला. अमेरिकेच्या संघीय शासनाने २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' या कायद्याद्वारे शाळांसाठी उत्तरदायित्वाची जी व्यवस्था उभी केली, तिची चिकित्सा याच मुद्द्यापासून करणे उचित ठरते. या व्यवस्थेत उत्तर देणारी शाळा निश्चित होती. मात्र त्या शाळेला साधने पुरविणाऱ्यास प्रश्न विचारण्याची सोय कायद्यात जवळजवळ नव्हती. समान संधीच्या नावाने आलेल्या या कायद्याचे यश आणि अपयश यांचा विचार प्रस्तुत लेखात याच दृष्टीने केला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेख नाही. शाळा हा राज्यांचा व त्यांच्या अखत्यारीतील 'स्कूल डिस्ट्रिक्ट' या स्थानिक घटकांचा विषय मानला जातो. हा 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपल्याकडील जिल्हा नव्हे. तो प्रायः मालमत्ता कर बसवून शाळा चालविणारा स्वतंत्र घटक असतो. ब्राउन खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वंशभेदावर आधारित शालेय पृथक्करण घटनाबाह्य ठरविले. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत १९६५ मध्ये प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायदा संमत झाला आणि त्याच्या 'टायटल वन' या भागान्वये गरीब विद्यार्थी अधिक असलेल्या शाळांना संघीय निधी मिळू लागला. पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. शाळेतील साधनांपेक्षा कुटुंबाची पार्श्वभूमी व सहाध्यायी यांचा विद्यार्थ्याच्या संपादनाशी अधिक निकटचा संबंध असल्याचे त्यात मांडले होते. समान संधी म्हणजे समान साधने की समान निष्पत्ती, या वादास तेथून तोंड फुटले.

या वादाला न्यायालयीन कलाटणी मिळाली ती टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील एका खटल्याने. त्यातील आकडे मुळातून पाहण्यासारखे आहेत. मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांची वस्ती असलेल्या एजवूड डिस्ट्रिक्टमध्ये कराचा दर दर १०० डॉलर मालमत्तेमागे १.०५ डॉलर, म्हणजे त्या महानगर परिसरात सर्वाधिक होता. राज्याच्या योजनेतील सक्तीचा स्थानिक वाटा भरल्यानंतर या करातून १९६७-६८ मध्ये दर विद्यार्थ्यामागे केवळ २६ डॉलर उरत. शेजारच्या सधन अलामो हाइट्समध्ये दर ०.८५ डॉलर इतका कमी असूनही हीच रक्कम ३३३ डॉलर होती. राज्य व संघीय निधी मिळवूनही एजवूडमध्ये विद्यार्थ्यामागे ३५६, तर अलामो हाइट्समध्ये ५९४ डॉलर खर्च होत. म्हणजे ज्यांनी अधिक दराने कर भरला त्यांच्याच मुलांच्या वाट्याला कमी आले. एजवूडचे एक पालक डिमेट्रिओ रॉड्रिग्ज यांच्या नावाने लढला गेलेला हा खटला १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. शिक्षण हा संघीय संविधानान्वये मूलभूत अधिकार नाही, असे बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती पॉवेल यांनी नमूद केले. ब्राउन खटल्यात वकील म्हणून उभे राहिलेले थर्गुड मार्शल या वेळी न्यायमूर्ती होते व त्यांनी भिन्नमत नोंदविले. या निर्णयामुळे निधीच्या विषमतेस संघीय न्यायालयात आव्हान देण्याचा मार्ग व्यवहारतः बंद झाला. पुढील सर्व संघीय धोरण या बंद दाराच्या अलीकडे राहून आखले गेले. 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड'वरील चर्चेत हा संदर्भ अनेकदा सुटतो, आणि तो सुटला की कायद्याचे मूल्यमापनही एकांगी होते.

कायद्याचे स्वरूप

अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ८ जानेवारी २००२ रोजी या कायद्यावर स्वाक्षरी केली. सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्यासारख्या विरोधी पक्षातील नेत्यांचाही त्यात मोठा वाटा होता. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी आणि माध्यमिक स्तरावर एकदा वाचन व गणित यांची चाचणी बंधनकारक झाली. २०१३-१४ पर्यंत सर्व, म्हणजे शंभर टक्के, विद्यार्थी 'प्रवीण' व्हावेत हे उद्दिष्ट ठरले व त्या दिशेने प्रत्येक शाळेने 'पुरेशी वार्षिक प्रगती' दाखवावी असे अपेक्षित होते. टायटल वन निधी घेणारी शाळा सलग दोन वर्षे अपयशी ठरल्यास पालकांना पाल्याची अन्य शाळेत बदली मागता येई. अपयश लांबल्यास पूरक शिकवणी, सुधारात्मक कारवाई व अखेरीस शाळेची पुनर्रचना अशी चढती उपाययोजना होती.

कायद्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद निराळीच होती. निकाल केवळ सरासरीने जाहीर करून चालणार नव्हते. वंश, गरिबी, अपंगत्व आणि इंग्रजी भाषेचे अपुरे ज्ञान या निकषांवर उपगट पाडून प्रत्येक गटाचा निकाल स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावा लागे. चांगल्या सरासरीच्या आड दडलेली मुले यामुळे प्रथमच देशभर नोंदीत आली. कायद्याच्या कठोर टीकाकारांनीही ही बाब नाकारण्याचे कारण नाही. थॉमस डी व ब्रायन जेकब यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौथीच्या गणितात या कायद्यामुळे लक्षणीय सुधारणा झाल्याचे आढळले. वाचनात मात्र तशी सुधारणा दिसली नाही.

मोजमाप आणि वास्तव

प्रावीण्याचा निकष ठरविण्याचा अधिकार राज्यांकडेच होता. त्यामुळे एकाच क्षमतेचे मूल एका राज्यात प्रवीण, तर दुसऱ्या राज्यात अप्रवीण ठरू शके. उपगटात किमान किती विद्यार्थी असल्यास तो गट हिशेबात धरावा हेही राज्येच ठरवीत. कोठे तीस, कोठे पन्नास. त्या संख्येपेक्षा लहान गट असेल तर त्या शाळेपुरती ती मुले उपगट म्हणून मोजली जात नसत. ज्या तरतुदीने मुले दृश्यमान केली, तिच्याच तांत्रिक तपशिलाने काहींना पुन्हा अदृश्य केले.

शाळांच्या अंतर्गत व्यवहारातील बदल अधिक खोलवरचे होते. जेनिफर बूहर-जेनिंग्ज यांनी २००५ मध्ये टेक्सासमधील एका प्राथमिक शाळेच्या अभ्यासात उत्तीर्णतेच्या उंबरठ्यावरील मुलांवर शिक्षकांचे लक्ष कसे एकवटते हे दाखविले. उंबरठ्याच्या फार खाली असलेले मूल यंदा शाळेचा निकाल बदलू शकत नाही, म्हणून ते मागे राहते. आणि कायद्याचे नाव तर 'एकही मूल मागे राहू नये' असे. चाचणी नसलेल्या विषयांचा, विशेषतः समाजशास्त्रे, विज्ञान व कला यांचा, वेळ अनेक ठिकाणी कमी झाला. अटलांटा येथे २०११ च्या राज्यस्तरीय चौकशीत ४४ शाळांमधील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांतील गैरप्रकारांत गुंतल्याचे निष्पन्न झाले. एखाद्या सामाजिक निर्णयासाठी संख्यात्मक निर्देशक जितका अधिक वापरावा तितका तो निर्देशक भ्रष्ट होण्याचा संभव वाढतो, हे डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच सांगून ठेवले होते. प्रपत्रांचे रकाने भरण्याचा अनुभव असलेल्या महाविद्यालयीन वाचकास यात नवल वाटू नये.

तथापि परीक्षांचा अतिरेक हाच मुख्य दोष होता, असे मानणे अपुरे आहे. आरंभी या धोरणाच्या समर्थक असलेल्या डायन रॅविच यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात भूमिका बदलून चाचणीकेंद्री सुधारणांवर जी टीका केली ती बहुतांशी ग्राह्य आहे; पण चाचण्या हटविल्याने एजवूडचे २६ डॉलर वाढले नसते. बदलीच्या तरतुदीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पात्र विद्यार्थ्यांपैकी जेमतेम एक टक्का विद्यार्थ्यांनीच तिचा लाभ घेतला. बदली त्याच डिस्ट्रिक्टमधील शाळेत मागता येई, आणि संपूर्ण डिस्ट्रिक्टच दरिद्री असेल तर जावयाचे कोठे? सीमेपलीकडील सधन शाळांवर प्रवेश देण्याचे बंधन कायद्याने घातले नाही. डिस्ट्रिक्टच्या सीमा ओलांडणारे पृथक्करणविरोधी उपाय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या मिलिकन खटल्यातच मर्यादित केले होते. परिणामी निष्पत्तीचे उत्तरदायित्व सर्वांत दुर्बळ शाळेवर आले आणि साधनांचे वाटप करणारी राज्ये पंचाच्या भूमिकेत राहिली. संघीय शासनाचा शालेय खर्चातील वाटा साधारणतः एक दशांशाच्या आसपास असताना त्याने शंभर टक्के निष्पत्ती मागावी, यातील विसंगतीही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

२०११ नंतर

२०११ पर्यंत देशातील जवळजवळ निम्म्या सार्वजनिक शाळा 'अपुऱ्या प्रगतीच्या' ठरल्या होत्या. त्याच वर्षापासून ओबामा प्रशासनाने अटींसह सूट देण्यास आरंभ केला व पुढे चाळीसहून अधिक राज्यांना ती मिळाली. १० डिसेंबर २०१५ रोजी 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' हा कायदा अस्तित्वात आला. वार्षिक चाचण्या व उपगटवार निकाल त्याने कायम ठेवले. अपयशाचे निकष व उपाय ठरविण्याचे अधिकार मात्र मोठ्या प्रमाणात राज्यांकडे परत दिले. प्रत्येक शाळेचा दर विद्यार्थ्यामागील खर्च जाहीर करण्याची नवी अटही त्यात आहे. ही तरतूद अल्प चर्चिली गेली असली तरी साधनांविषयीचा प्रश्न निदान कागदावर आणते, म्हणून ती मोलाची मानावयास हवी.

एजवूडच्या पालकांना काही उत्तर मिळाले ते संघीय धोरणाकडून नव्हे. टेक्सासच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये राज्याच्या संविधानाच्या आधारे तेथील निधिव्यवस्था अवैध ठरविली. मार्च २०२५ मध्ये संघीय शिक्षण खाते गुंडाळण्याच्या दिशेने कार्यकारी आदेश निघाला आणि त्याच महिन्यात शालेय आकडेवारी गोळा करणाऱ्या राष्ट्रीय केंद्रातील बहुसंख्य कर्मचारी कमी करण्यात आले. वार्षिक चाचण्यांचे बंधन कायद्यात तसेच आहे. उपगटवार निकाल व दर विद्यार्थ्यामागील खर्च राज्यांना यापुढेही प्रसिद्ध करावे लागतील. परंतु राज्याराज्यांतील ही माहिती एकत्र ताडून पाहणारी यंत्रणा आता तुटपुंज्या मनुष्यबळावर उभी आहे.