झोक्याचा बीपीएम किती?

जळगावात नुकतंच रिमिक्स संस्कृती आणि इलेक्ट्रॉनिक संगीतावरचं एक व्याख्यान ऐकलं. वक्ते तयारीचे होते. जमैकातल्या किंग टबीने गाण्यातून गायकाचा आवाज काढून मागे नुसते ड्रम, बास आणि प्रतिध्वनी ठेवले, तिथून त्यांनी सुरुवात केली. मग १९७३ चं न्यू यॉर्क, कूल हर्क, दोन टर्नटेबल. मग आपले चरणजीत सिंग. मुंबईच्या सिनेसंगीतातल्या या वादकाने १९८२ साली रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा बाजारात आली तेव्हा 'अ‍ॅसिड हाऊस' शिकागोच्या आधी मुंबईत जन्मलं की काय, अशी चर्चा रंगली. हा तुकडा वाजला आणि मागच्या रांगेतल्या पोरांनी पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर काढली.

त्यांचा मुख्य मुद्दा लॉरेन्स लेसिगच्या २००८ च्या 'रीमिक्स' या पुस्तकावर उभा होता. एक संस्कृती फक्त ऐकायची-बघायची, दुसरी हात घालून बदलायची. रिमिक्सने गाणं लोकांच्या हातात परत दिलं, असं ते म्हणाले. न्यू यॉर्कपुरतं हे पटतं. खानदेशात मात्र मला गोष्ट उलटी घडलेली दिसते.

आखाजीचं गाणं घ्या. सासरहून आलेल्या मुली झोक्यावर गातात. त्या गाण्याचा वेग कोण ठरवतं? दोर. तीन मीटर दोराच्या झोक्याला एका येरझारेला साधारण साडेतीन सेकंद लागतात. कितीही जोर लावा, फारसा फरक पडत नाही. (अकरावीचं लंबकाचं सूत्र आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं.) या संथपणात पुढची ओळ जुळवायला वेळ मिळतो. एकीने भावाचं नाव घातलं की दुसरी आपल्या भावाचं घालते, तिसरी सासूला चिमटा काढते. गाणं संपत नाही, गाणाऱ्या दमतात. आमच्या धंद्याच्या भाषेत हा ओपन सोर्स. परवानगी कुणाची घ्यायची नाही, कारण मालकच नाही.

आता हेच गाणं डीजेच्या गाडीवर येतं. एक ओळ कापली जाते, मिनिटाला सव्वाशे ठोक्यांवर ताणली जाते आणि तीच फिरत राहते. मधूनमधून 'डीजे अमुक, धुळे' असा टॅग. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला या ठेक्यावर बायका नाचतात, मनापासून नाचतात. पण गात नाहीत. गाण्यात शिरायला जागाच उरलेली नाही. सोर्स कोड गेला, हातात एमपी३ राहिली. वाजवता येते, बदलता येत नाही.

आणि गंमत म्हणजे डीजेंच्या आपापसात सगळं उघडं आहे. एफएल स्टुडिओ मोबाइलच्या प्रोजेक्ट फाइल व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर फिरतात. एकाचा ढोल दुसरा घेतो, तिसरा त्यावर हलगी चढवतो. लेसिगने सांगितलेली संस्कृती तिथे खरोखर नांदते आहे. फक्त ती झोक्यावरून उठून मोबाइलवाल्या पोरांच्या ग्रुपमध्ये गेली आहे.

म्हणून मी या पोरांना शिव्या घालणाऱ्यांतला नाही. आमच्या शाळेत अहिराणी बोललं की 'नीट बोल' ऐकावं लागायचं. आज 'हाई झुमका वाली पोर' महाराष्ट्रभरच्या रील्समध्ये वाजतं, ते अहिराणीची लाज न बाळगणाऱ्या पोरांमुळे. व्याख्यानात या सगळ्याला शेवटी दोन मिनिटं मिळाली, 'लोकल सीन' म्हणून. तेही जळगावात!

कायद्याचा भाग वक्त्यांनी चांगला मांडला, पण इथे तो अपुरा पडतो. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षं टिकतो आणि तो मुद्रण करणाऱ्याकडे असतो. झोक्यावरच्या बाईचं गाणं पहिल्यांदा कागदोपत्री कुणाचं तरी होतं, तेव्हा ते तिचं नसतं. 'आमेन ब्रेक'च्या ड्रमरला, जी. सी. कोलमनला, पैसे मिळाले नाहीत, हे सांगताना सभागृह हळहळलं. कोलमनचं निदान नाव तरी उरलं.

जळगावात बसून बहिणाबाई आठवणार नाहीत असं कसं होईल? त्याही लिहीत नव्हत्या, काम करता करता गात होत्या. सोपानदेवांनी टिपून ठेवलं म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघालं आणि लेवा गणबोलीतली एक बाई नावानिशी कवी झाली. लिहून ठेवल्याने त्यांचीही गाणी गोठलीच की, असं कुणी म्हणेल. गोठली, पण नावासकट आणि अख्खी. एका ओळीचा लूप झाला नाही त्यांचा.

मला लूप बंद करायचा नाही, त्यात फट हवी आहे. आठ बार नुसता ठेका ठेवायचा. सव्वाशेच्या वेगात ते पंधरा सेकंद होतात, म्हणजे झोक्याच्या चार येरझारा. तेवढ्यात माइक खाली बायकांकडे द्यायचा. माइक गाडीवर असतोच; सध्या तो डीजेचं नाव पुकारायला आणि 'ए, बाजूला व्हा, गाडी मागे घेतोय' सांगायला लागतो.